बाप्तिस्म्याचा झगा सांगलीत शिवून घेतला, त्याचा अनुभव

आधी कामाचं सांगते, कारण मी शोधत होते तेव्हा सांगली-मिरजेतलं कुणाचं काहीच लिहिलेलं मिळालं नाही, सगळं मुंबई, वसई, गोव्याचं. आमच्या लेकीचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यानं चर्चमध्ये घेण्याचा ख्रिस्ती विधी, गेल्या सप्टेंबरात झाला, तेव्हा ती पाच महिन्यांची होती. तिचा पांढरा झगा आम्ही कापड पेठेच्या मागच्या गल्लीतल्या एका टेलर मावशींकडून शिवून घेतला. झगा, आतलं झबलं आणि टोपरं असे तीन नग, शिलाई ₹५५०, कापड आमचं, सांगितले होते सात दिवस आणि लागले अकरा. पुन्हा वेळ आली तर मी तिथंच जाणार. फक्त एक करा, आधी चर्चमधल्या तयारीच्या वर्गाला बसून या आणि मग टेलरकडे जा. आम्ही उलटं केलं आणि पहिला झगा फुकट गेला.

पहिला झगा म्हणजे एका साइटवरून मागवलेला. ₹१,८९९. फोटोत इतका सुंदर दिसत होता की सगळ्यांनी एकमताने पास केला, जाळीचे तीन थर, आत सॅटिन, गळ्याला मोत्यांची पट्टी, पाठीला चेन, सोबत डोक्याला फुलाचा इलॅस्टिकचा पट्टा. घरी आला, घालून बघितला, लेक दोन मिनिटांत लालबुंद. डोक्यातून घालायचा म्हणजे आधी तिथंच रडारड, मग हात बाहीत जाईना, आणि चेनचं वरचं टोक बरोबर मानेला टोचत होतं, तिथं लाल वळ उठला तो संध्याकाळपर्यंत गेला नाही. माहितीत कॉटन लिहिलेलं, हातात आलं ते पॉलिस्टर. ऑगस्टमधला सांगलीचा दमटपणा ज्यांना माहितीय त्यांना सांगायला नको की असल्या कापडात बाळाचं काय होतं. परत पाठवला, न्यायला माणूस नऊ दिवसांनी आला, पैसे मिळाले पण कुरिअरचे कापून. एवढ्यावर मी दुसरा तसलाच, जरा मऊ कापडाचा शोधणार होते. खरी चूक कापडात नव्हती, कापातच होती, हे कळलं वर्गात.

आमच्या चर्चमध्ये हा वर्ग दोन शनिवारी संध्याकाळी असतो, दीड-दीड तास. आमचा पहिला शनिवार आठवडाभर पुढं गेला कारण आयर्विन पुलापाशी पाणी वाढत होतं आणि नदीकाठची लोकं सामान हलवत होती, त्या आठवड्यात कुणाचंच लक्ष दुसरीकडं नव्हतं. मग पुढच्या शनिवारी बसलो. आम्ही दोघं, सासूबाई, माझी नणंद, कुपवाडचं एक जोडपं आणि मिरजेच्या हॉस्पिटलात नर्स असलेली एक मल्याळी मुलगी आणि तिचा नवरा. फादर निम्मं मराठीत निम्मं इंग्रजीत बोलत होते.

मला वाटलेलं दहा प्रार्थना पाठ करून घेतील आणि सोडतील. तसं काही नाही. फादरांनी एक टॉवेल गुंडाळून त्याचं बाळ केलं आणि दारापासून वेदीपर्यंत सगळा विधी चालून दाखवला. दारात विचारतात बाळाचं नाव काय ठेवलंत आणि चर्चकडं काय मागताय. मग कपाळावर क्रूसाची खूण करतात, आधी फादर, मग आईबाप आणि धर्मपिता-धर्ममाता (गॉडफादर-गॉडमदर). मग वाचन, प्रार्थना, संतांची नावं घेऊन विनवणी. मग छातीवर पहिलं तेल. मग पाण्यावर आशीर्वाद, सैतानाचा त्याग आणि श्रद्धेचे प्रश्न, आणि इथं फादर थांबले आणि म्हणाले की ही उत्तरं बाळाच्या वतीने पाठ म्हणायची नाहीत, तुमची स्वतःची श्रद्धा विचारतोय, तुम्ही तुमचं उत्तर द्यायचंय. मग डोक्यावर तीनदा पाणी. मग टाळूवर दुसरं तेल, ख्रिज्मा, म्हणजे ऑलिव्हच्या तेलात बाल्समचा सुगंध मिसळलेला, जे ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात बिशप आशीर्वादित करतात आणि वर्षभर सगळ्या चर्चना पुरतं. आणि त्याच्यानंतर पांढरं वस्त्र. मग पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून बाळाची मेणबत्ती पेटवायची, मग कानांना आणि तोंडाला स्पर्श, की प्रभूचं वचन ऐकायला आणि बोलायला हे मोकळे होवोत. शेवटी वेदीपाशी प्रभूची प्रार्थना.

मी वहीतलं पान फाडून क्रम लिहून घेतला. कपाळ, छाती, डोकं पाणी, टाळू तेल, झगा, मेणबत्ती, कान, तोंड. लिहिता लिहिताच माझ्या लक्षात आलं की आपण आणलेला तो गाऊन यातल्या एकाही जागेला चालला नसता. पट्टा कपाळावर. गळा बंद, मोत्यांची पट्टी, छातीला तेल लावायचं कुठून? चेन पाठीला, म्हणजे छाती उघडायची तर बाळाला पालथं घालून अख्खा गाऊन उतरवायचा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे झगा हा पाण्याच्या नंतर येतो, आधी नाही. नवीन जन्म झाला, ख्रिस्ताला अंगावर घेतलं, याची खूण म्हणून. मी लहानपणापासून श्रीरामपूरकडं कितीतरी बाप्तिस्मे बघितलेत, पण बाळं घरातूनच पांढऱ्यात सजवून आणतात आणि त्या वेळेला फादर एखादा पांढरा रुमाल नाहीतर छोटी शाल अंगावर टाकतात, त्यामुळे हा क्रम कधी डोक्यातच शिरला नव्हता. तसं केलं तरी कुणी अडवत नाही. पण ओल्या केसांच्या, रडणाऱ्या पोरीला तिथं सगळ्यांसमोर पांढरं नेसवायचं, हे मला एकदम हवंसं वाटलं. बायबलात सेंट पॉलच्या गलतीकरांच्या पत्रात तिसऱ्या अध्यायात ख्रिस्ताला अंगावर घेतल्याचं ते वाक्य आहे, घरी येऊन मी पुन्हा काढून वाचलं.

वर्गाबद्दल अजून थोडं लिहिते कारण झग्याची पुढची गोष्ट त्यातूनच निघाली.

आमचं घर मिश्र आहे. मी कॅथलिक, माहेर श्रीरामपूर तालुक्यातलं. नवऱ्याकडचे मिरजेचे, मिशनच्या चर्चचे, म्हणजे प्रोटेस्टंट, डॉ. वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं त्याच्या आसऱ्याने जी घरं मिरजेत आली त्यातलं हे एक. लग्नाच्या वेळी मी चर्चमध्ये लिहून दिलेलं की मुलांचा बाप्तिस्मा आणि वाढवणं कॅथलिक रीतीनं व्हावं म्हणून मला शक्य ते सगळं करीन, नवऱ्याला ते माहिती होतं, सासरच्यांनाही. तरी सासूबाईंच्या मनात एक काटा होता तो त्यांनी वर्गात सरळ बोलून दाखवला. म्हणाल्या, "फादर, माझ्या मुलाचा बाप्तिस्मा आमच्या चर्चमध्ये झालाय, तो तुम्ही धरता का नाही?" फादर म्हणाले धरतो, पाण्यानं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावानं झालेला असला की तो बाप्तिस्माच, पुन्हा करत नाहीत, करताच येत नाही. शब्द मात्र नेमके लागतात. "मी तुला बाप्तिस्मा देतो" याच्या जागी कुठंकुठं "आम्ही देतो" म्हणायला लागले होते, तेव्हा २०२० मध्ये व्हॅटिकनने सांगितलं की तसा दिलेला बाप्तिस्मा वैधच नाही, त्या लोकांना पुन्हा घ्यावा लागेल. एका शब्दाला एवढं वजन असतं हे मला त्या दिवशी कळलं.

मग सासूबाईंनी जे सांगितलं ते आम्ही घरात कुणीच कधी ऐकलेलं नव्हतं. त्या आयुष्यभर नर्स होत्या. एका रात्री सातव्या महिन्यातलं बाळ जन्मलं, वाचणार नाही हे दिसत होतं, आईबाप कॅथलिक, पाऊस, फादरना निरोप पोचेना. आईनं हात धरून विनवलं तेव्हा सासूबाईंनी वाटीत पाणी घेऊन कपाळावर तीनदा सोडलं आणि नाव घेतलं, आणि वॉर्डातल्या पांढऱ्या टॉवेलात गुंडाळून आईच्या कुशीत दिलं. तीस वर्षं त्यांना प्रश्न होता की आपण केलं ते चाललं का, आपला तेवढा अधिकार होता का. फादर म्हणाले जीव धोक्यात असताना कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, ख्रिस्ती नसलेला माणूससुद्धा, चर्च जे करतं ते करायचं मनात असलं आणि पाणी नि शब्द बरोबर असले की झालं, तुम्ही दिलात तो पूर्ण होता. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पदरानं चष्मा पुसत राहिल्या. घरी येताना म्हणाल्या, झग्याचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस गं, टॉवेलातपण होतं. आणि मग दुसऱ्या दिवशी त्यांनीच स्वतःची लग्नाची साडी काढून आणली. ते पुढं येतंय.

माझ्या आजीचं श्रीरामपूरहून रोज फोनवर चालू होतं, पोर अजून तशीच ठेवलीय का म्हणून. तिच्या वेळी जन्मानंतर आठ-दहा दिवसांत उरकायचे, आई अजून बाळंतिणीच्या खोलीत आणि धर्ममाता पोर उचलून चर्चला न्यायची. आताही चर्चचा कायदा पहिल्या काही आठवड्यांतच करा म्हणतो, पाच महिने थांबणं ही आमचीच दिरंगाई, सिझर, मग पाऊस, मग तारखा. पण आत्ताचा लहान मुलांचा जो विधी आहे तो १९६९ चा, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचा, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या मोठ्या सभेनंतरचा, त्यात आईबापांचं काम मोठं आहे. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं, मला माझ्या एकाही लेकराचं पाणी बघायला नाही मिळालं." मी फोन ठेवून बराच वेळ तशीच बसले.

आता नणंद. ताईंनी माझ्या पाचव्या महिन्यापासून सांगून ठेवलेलं, झगा माझ्याकडून आणि धर्ममाता मी. आमच्याकडं रीतच आहे, धर्ममाता झगा देते, धर्मपिता मेणबत्ती. पण धर्ममाता व्हायला कॅथलिक असावं लागतं, सोळा वर्षं पूर्ण, दृढीकरण (श्रद्धा पक्की करण्याचा पुढचा विधी) झालेलं, कम्युनियन म्हणजे प्रभुभोजन घेणारी, आणि बाळाची आई किंवा बाप नसावी. दुसऱ्या पंथातला बाप्तिस्मा झालेला माणूस असेल तर तो एका कॅथलिक धर्मपालकाच्या जोडीनं साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो, तेवढंच. दोन धर्मपालक लागतातच असंही नाही, एक पुरतो. फादरांनी हे फार हळू आवाजात, ताईंकडं बघून सांगितलं, आणि त्यांना कमी लेखायला नाही तर धर्ममातेनं कॅथलिक श्रद्धा शिकवायला मदत करायची असते आणि ती श्रद्धा ज्याची नाही त्याच्यावर तो भार टाकणं बरोबर नाही, असंही म्हणाले. कारण मला पटलं. पण ताईंचा चेहरा उतरलेला मी बघितला आणि रिक्षात त्या मिरज येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. हे आम्ही वर्गाला जायच्या आधी फादरना विचारून घ्यायला हवं होतं, सगळ्यांच्या समोर कळायला नको होतं. ज्यांच्या घरात दोन पंथ आहेत त्यांनी हे एवढं तरी करा.

धर्मपिता माझा भाऊ ठरला. त्याला त्याच्या चर्चमधून पत्र आणावं लागलं, आणि सप्टेंबरात हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मारिया मातेची यात्रा असते, तिथं तो सेवेला असतो, म्हणून आमची तारीख यात्रेनंतरच्या रविवारी गेली. हे सुदैवच, नाहीतर झगा झालाच नसता.

वर्गाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचाच फोन. साक्षीदारानं झगा दिला तर चालतो का, विचार. मी फादरना विचारलं, ते म्हणाले वस्त्र घरच्यांनी आणावं हीच तर अपेक्षा आहे, रंग तेवढा पांढरा ठेवा. दुपारी ताई दारात, चल पेठेत.

कापड पेठेत आम्ही तीन दुकानं फिरलो. लेस, साटन, जाळी सगळं बाजूला ठेवून शेवटी साधं मलमल घेतलं, इचलकरंजीच्या मागावरचं, ₹१८० मीटर, अडीच मीटर. दुकानदारानेच सांगितलं की लहान मुलांचं शिवून हवं असेल तर मागच्या गल्लीत जा, पाटीवर नुसतं लेडीज टेलर लिहिलंय, अस्तरवाल्याच्या शेजारचा जिना. नाव-नंबर मी इथं देत नाही, मावशींना फोनवरून ऑर्डर घेणं आवडत नाही, बाळ घेऊन या म्हणतात.

दुकान म्हणजे एक खोली, दोन मशिनी, एक जुनी पायाची आणि एक मोटरची, भिंतीला खाकी कागदाचे कापलेले नमुने खिळ्याला अडकवलेले. मावशींनी आयुष्यात बाप्तिस्म्याचा झगा शिवला नव्हता आणि तसं त्यांनी लगेच सांगितलं, हे मला फार आवडलं. बारशाची झबली, कुंच्या, टोपरी, दुपटी हे त्यांचं रोजचं. मी माझा तो कागद पुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि एकेका शब्दावर बोट ठेवून प्रश्न विचारायला लागल्या.

"छातीला तेल लावत्यात म्हंजे समोरनं उघडाय पायजे की. बटनं न्हाई, नाड्या लावू. आन् पाणी डोक्यावरनं सोडल्यावर कुठं जातं?"

मी म्हटलं मागं, मानेवरून.

"मग आतलं भिजणार. भिजलेल्या लेकराच्या डोक्यातनं झगा घालणार का तुम्ही? त्येला अंगरख्यासारखं करू. सपाट पसरायचं, लेकरू वर ठेवायचं, हात घालायचं, बांधायचं. रडतंय तवर झालं."

मी आणि ताई एकमेकींकडं बघतच राहिलो. आमचं सगळ्यांचं डोकं गाऊन या शब्दात अडकलं होतं आणि या बाईंनी कधी न बघितलेल्या विधीला कागदावरच्या आठ शब्दांवरून अंगरखा काढून दिला. कानांचं त्यांनीच विचारलं, कानाला हात लावायचाय तर टोपरं कानावरून नको, आणि इलॅस्टिक तर नकोच, हनुवटीखाली एक नाडी, ओढली की सुटली पाहिजे. मग लांबी. मला पायाच्या खाली हातभर लोंबणारा हवा होता, फोटोत असतो तसा. त्या म्हणाल्या मेणबत्ती हातात धरणार, शेजारी लोंबतं मलमल, नको ताई. पायाखाली चार बोटं ठेवली.

सासूबाईंची साडी आम्ही दुसऱ्या फेरीला नेली. आमच्याकडं नवरी पांढऱ्या साडीत असते, त्यांचीही पांढरी, बारीक जरीच्या काठाची, चाळीस वर्षं ट्रंकेत. त्यांची इच्छा की झगाच तिचा व्हावा. मावशींनी काठ स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघितला, मग गालाला, आणि मान हलवली. जर टोचते आणि कापडात हवा खेळत नाही. पण सासूबाईंचं तोंड बघून त्यांनी काठाची वीतभर पट्टी मागून घेतली आणि खाली घेराला बाहेरच्या बाजूनं लावली, आतून मलमलची दुसरी पट्टी, म्हणजे जर कुठंच अंगाला लागणार नाही. उरलेली साडी अख्खी परत. यासाठी वेगळे पैसे घेतले नाहीत.

आणि ताईंनी झगा शिवून व्हायच्या आधी समोरच्या पल्ल्याचा तुकडा दोन दिवस घरी नेला आणि पांढऱ्या दोऱ्यानं साखळी टाक्यात छोटा क्रूस काढला. पांढऱ्यावर पांढरा, लांबून दिसतपण नाही, बोट फिरवलं की कळतो.

आता तक्रारी, कारण त्याही खऱ्या आहेत. चार दिवस उशीर झाला. मधे गौरी-गणपती, ब्लाऊजांचा ढीग, मी तीनदा हेलपाटा मारला आणि एकदा बाळाला घेऊन जिना चढून गेले तर कुलूप. सणाच्या आधीच्या पंधरवड्यात काम देऊ नका किंवा महिनाभर हातात ठेवून द्या. पहिल्या ट्रायलला बाह्यांची तोंडं अरुंद निघाली, समोर बसून उसवून दिली. नाड्यांच्या टोकांना घट्ट गाठी होत्या त्या गळ्याशी टोचल्या असत्या, मी सांगितल्यावर चपट्या दुमडून शिवल्या. आणि घरी आणून धुवायला घेताना घेराच्या दुमडीत एक टाचणी सापडली. माझ्या अंगावर काटा आला. मी लगेच परत गेले आणि दाखवली, मावशी एकदम गप्प झाल्या, सगळा झगा त्यांनी पुन्हा बोटांनी चाचपून तपासला आणि मग लोहचुंबक फिरवला, म्हणाल्या लेकराच्या कापडाला इथून पुढं टाचणी लावायचीच नाही, कच्चा टाका घालीन. त्यांनी मनापासून सांगितलं यावर माझा विश्वास आहे, तरी तुम्ही कुठूनही शिवून आणलं तरी घरी नेल्यावर दुमडी चाचपा. शिवलेलं नवं कापड बाळाला घालायच्या आधी दोनदा धुवाच, मलमल आटतं आणि त्यातली खळ निघून जाते. मी साध्या साबणानं धुतलं, नीळ घातली नाही.

कागदपत्रांची धावपळ लिहीत बसत नाही, आमच्याकडं बाळाचा महापालिकेचा जन्मदाखला, आमच्या लग्नाचा चर्चमधला दाखला, भावाचं पत्र आणि एक फॉर्म लागला. नावाचं स्पेलिंग रजिस्टरमध्ये चढायच्या आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा, कारण पुढं पहिलं कम्युनियन, दृढीकरण, लग्न सगळ्याला हाच दाखला काढावा लागतो आणि दृढीकरण-लग्नाची नोंदही याच नोंदीच्या शेजारी चढते. आमच्याकडं एक अक्षर चुकलं होतं, त्याच वेळी दुरुस्त झालं.

घरी आदल्या आठवड्यात आम्ही उशीवर सराव केला. पसरायचा, ठेवायचं, हात, नाड्या. तिसऱ्या वेळेला ताईंचा हात बसला.

रविवार सकाळ, मिस्सामध्येच, म्हणजे चर्चच्या रविवारच्या उपासनेतच विधी होता. लेक नुसत्या झबल्यात, दुपट्यात गुंडाळलेली, लोकांना वाटलं असेल बाळाला तयार केलंच नाही. कपाळावर खूण केली, तिनं डोळे मिटले. छातीला तेल लावायच्या वेळी मी एक नाडी ओढली आणि झबलं उघडलं, फादरांनी माझ्याकडं बघून मान हलवली. पाणी कोमट होतं, मी आधी विचारून ठेवलेलं, हवा गार असेल तर पाणी आधी तापवायची मुभा विधीच्या प्रस्तावनेतच आहे असं फादर म्हणाले होते, त्यामुळे मागायला लाजू नका. पहिल्या ओंजळीला ती दचकली, दुसरीला ओठ काढले, तिसरीला जोरात रडली. मी तिला धरलं होतं, माझा हात कोपरापर्यंत ओला. मला आजी आठवली.

टाळूवर ख्रिज्मा लावलं, सुगंध आमच्यापर्यंत आला. मग फादर म्हणाले पांढरं वस्त्र. भावानं दोन्ही हातांवर झगा पसरून धरला होता, मी ओलं झबलं काढून लेकीला त्यावर ठेवलं, हात घातले, आणि ताई पुढं आल्या आणि त्यांनी नाड्या बांधल्या. अर्धा मिनिटही लागलं नसेल. फादर थांबले, बांधून होईपर्यंत काही बोलले नाहीत, मग ते शब्द म्हणाले. ती नाडी बांधायच्या आतच गप्प झाली होती, कोरडं मऊ कापड अंगाला लागलं म्हणून असेल. सासूबाई पहिल्या बाकावर होत्या, त्यांना घेराचा काठ दिसत होता.

मेणबत्तीबद्दल एवढंच की भावानं नक्षीची जाड मेणबत्ती आणली होती, ती पेटायला वेळ लागला आणि मेण त्याच्या बोटावर गळालं. साधी बारीक घ्या, मधे पुठ्ठ्याची गोल चकती घाला. झगा आखूड ठेवला होता तो किती बरा हे तेव्हा कळलं. कानांना स्पर्श केला तेव्हा टोपरं माझ्या खांद्यावर होतं.

झगा आता मलमलच्याच फडक्यात गुंडाळून ठेवलाय. मानेमागं टाळूवरचं तेल ओघळलेल्या जागी बोटभर पिवळसर डाग राहिलाय, तो मी काढलेला नाही.

पुढच्या आठवड्यात मावशींना पेढे आणि फोटो द्यायला गेले. फोटो त्यांनी मोठा करून करून बघितला, नाड्या कुठं बांधल्यात ते बघत होत्या. म्हणाल्या उजवीकडं बांधायला पाहिजे होती, ओढायला सोपी जाते, पुढच्याला तशी करीन. मग भिंतीवरून खाकी कागदाचा नमुना काढून दाखवला, आमच्या झग्याचा, आणि त्याला माझं ते वहीचं पान दोऱ्यानं टाचलेलं. मी विसरूनच आले होते ते तिथं. विचारलं, "ह्यो राहू दे का माझ्याकडं? कुपवाडचं कोण तरी येऊन गेलं परवा."

मी राहू दे म्हटलं.